माळावर अंथरलेलं पांढरं लुगडं

आबा, उद्या पुण्यात पुन्हा ती विमानं उडणार आहेत. पुढे पंखा असलेली, तुमच्या ब्रह्मदेशाच्या लढाईतली. इतकी वर्षं कुठे कुठे गंजत पडली होती म्हणे. ती सगळी उकलून, नवे भाग घालून हवेत जाण्याजोगी केली आहेत. तुमच्या नातवाने मोबाईलवर त्यांची चित्रं दाखवली आणि विचारलं, "आई, दोन पास मिळालेत, येणार का?" मी लगेच हो म्हटलं. म्हातारीला या वयात हौस आली असं त्याला वाटलं असणार, तो खूश झाला. मला हौसबिस काही नाही. त्या दिवसापासून माझं डावं मनगट ठणकतं आहे आणि घरात कुणी जोराने दार आपटलं तरी मी त्याच्या अंगावर ओरडते आहे. हा आवाज आणि हा राग दोन्ही तुमचेच, ते काही कुठून विकत आणलेले नाहीत.

तुमचा चेहरा आठवायला गेले की आधी तुमचं ओरडणंच येतं. लढाईने तुमचे कान नेले होते, त्यामुळे साधं पाणी मागायचं तरी तुम्ही ओरडून मागायचात. भाटघर धरणाच्या पाण्यावर आपलं घर, वर माळ, आणि माळाच्या कडेला धनगरांची खोपटं. त्या काळात जो तो विहीर खणत होता आणि कातळ लागला की सुरुंग लावायला तुम्हाला बोलावणं यायचं, शिवऱ्यापासून पार वेल्ह्यापर्यंत. पलटणीत शिकलेली ती एक विद्या पोटाला उपयोगी पडली. तुम्ही खाली उतरून बत्ती लावायची आणि दोर धरून वर यायचं. आईने वर काठावर लाल झेंडा हलवत उभं राहायचं. लाल झेंडा दिसला की माणसं, गुरं, सगळी लांब पळायची. झेंड्याला दुसरं कुणी तुम्हाला चालायचं नाही. ज्या बाईला तुम्ही घरी आल्यावर मारायचात तिच्याच हाती जीव देऊन विहिरीत उतरायचात, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं आणि आजही वाटतं.

आपल्या घरात एक नियम होता. पांढरं कापड जमिनीवर वाळत घालायचं नाही. आपण बौद्ध झालो तेव्हा आईला वंदनेसाठी पांढरं लुगडं आलं, तुमची धोतरं तर होतीच. साऱ्या बायका माळावर गवतावर धुणं पसरायच्या, कडेने दगड ठेवायच्या, आणि आपलं पांढरं तेवढं घरात, चुलीच्या धुरात दोरीवर पिवळं पडायचं. कारण विचारायची सोय नव्हती. मी चौथीत असताना एका सकाळी ती दोरी तुटली. आई पाण्याला गेलेली. ओलं धुणं मातीत पडू नये म्हणून मी दोन धोतरं आणि लुगडं उचलून माळावर नेलं, एकापुढे एक लांब पसरलं, वर दगड ठेवले आणि आपण शहाणपणाचं काम केलं म्हणून तिथेच बसून राहिले.

तुम्ही नव्या कामाची विहीर बघून खालच्या वाटेने येत होतात. ते पांढरं तुम्हाला दिसलं आणि तुम्ही चढ चढून धावत आलात. तोंडाने एक शब्द बोलला नाहीत. हातात सुरुंगाची दारू ठासायची लाकडी काठी होती. पहिला फटका पाठीवर बसला, दुसऱ्याला मी हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तुम्हाला आला नसेल. तिसरा, चौथा कुठे बसला मला आठवत नाही, तोंडात माती गेली होती तेवढं आठवतं. आई हंडा टाकून विळा घेऊन आली आणि तुमच्या समोर उभी राहिली. "आता येक जरी मारला तर तुमची मान ठिवायची न्हाई म्या," म्हणाली. तुम्ही तिचे ओठ वाचलेत आणि काठी टाकलीत. मग कपडे गोळा करायला लागलात, घाईघाईने, दगडांसकट, वर आभाळाकडे बघत. पोरगी रक्ताने माखून पडली आहे आणि बाप धोतरं आवरतो आहे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

हात धनगरणीने बांबूच्या कांबी लावून बांधला, थोडा वाकडाच बसला. पुढच्या बाजाराला तुम्ही भोरहून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्यात. सुजलेल्या हातात त्या जाईनात, म्हणून तुम्ही स्वतः सगळ्या माझ्या उजव्या हातात भरल्यात, इतक्या सांभाळून की एकही फुटली नाही. तेव्हा मला त्या हवीशा वाटल्या होत्या, ह्याचीच मला पुढे कितीतरी वर्षं चीड येत राहिली.

त्याच बाजारातून तुम्ही बातमीही आणलीत. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात पेपरात विमानाचं चित्र होतं. ते बघून तुम्ही मालकाला सगळी बातमी तुमच्या कानात ओरडून वाचायला लावलीत. पुण्यात विमानांचा खेळ होणार होता, त्यात लढाईतली जुनी विमानं पुन्हा उडवणार होते, आणि आधीचे काही दिवस त्यांचा सराव धरणाच्या बाजूने व्हायचा होता. "पंख्याचं इमान येतंय हिकडं," तुम्ही आईला म्हणालात. आईने भाकरी थापता थापता मान हलवली. तिला वाटलं, येतंय तर येऊ दे, त्याला काय जेवायला वाढायचंय.

पण आबा, ते दिवस मी विसरणार नाही. आमच्यापैकी कुणीही मार खाल्ला नाही. तुम्ही रोज दाढी करायला लागलात. जेवता जेवता घास हातात धरून दाराबाहेर जायचात आणि आभाळ बघून यायचात. मला तुम्ही कामाला लावलंत. "तुला आयकू येतं. माजा कान आता तू. घरघर आली की पाठीव थाप मार. यष्टीची न्हाई बरं का, वरनं येती ती." मी शाळेतही एक कान बाहेर ठेवून बसायची. धरणावरचा ट्रक चढाला लागला तरी छाती धडधडायची. एकदा मी चुकून थाप मारली आणि नुसताच म्हशींचा कळप निघाला. आता पाठ सोलून निघणार म्हणून मी डोळे मिटले, तर तुम्ही हसलात. तुम्हाला हसताना मी तेव्हाच पाहिलं. विमान यायचं राहू दे, नुसती वाटच बघत राहू आपण, असं मला वाटायला लागलं होतं.

तुम्ही मला ते सांगितलंत ते शेजारच्या वाडीतल्या एका विहिरीच्या काठावर. आई खाली ओढ्यावर गेली होती. तुम्ही दारूच्या कांड्या मोजत होतात, त्या तशाच ठेवून बोलायला लागलात, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोललात.

"आपली मान्सं हितवर हायेत, हे वरनं कळाया पायजे म्हनून खंदकाच्या म्होरं पांडरं कापड अंथरायचं. त्ये काम माजं. त्या दिशी म्या अंथारलं. इमान आलं, आपलंच, आन आपल्याच खंदकाव गोळ्या मारत गेलं. तुजा चुलता माज्या बाजूला व्हता. मधनंच फाटला. त्येची आतडी म्या हातानं आत घालत व्हतो, तवर इमान वळून परत आलं."

 तुम्ही एक कांडी उचललीत आणि परत खाली ठेवलीत.

"साहेब म्हनला, कापड नीट घातलं व्हतंस का. म्या म्हनलं, व्हय साहेब. तवापास्नं डोक्यात रोज घालून बगतोय. वरनं दिसतं का न्हाई, येवढंच मला बगायचंय. दिसत नसंल तर माजा दोस न्हाई. दिसत आसंल तर म्या वाकडं घातलं, आन म्या मारली ती पोरं."

माझ्यावर पडलेली काठी कुठून आली होती ते मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणून दुखायचं काही कमी झालं नाही, हेही तुम्हाला सांगून ठेवते. जगात सगळ्यांनाच काही ना काही झालेलं असतं, सगळेच घरी येऊन लेकराचं हाड मोडत नाहीत.

मग तो दिवस आला. वेल्ह्याच्या कामावर निघायचं होतं, आई आणि मीही बरोबर होतो, सुरुंगाचं सामान आमच्यापाशीच होतं. तुम्ही मात्र माळाकडे वळलात. काखेत गाठोडं होतं, त्यातून आईचं लुगडं आणि तुमची धोतरं निघाली. तुम्ही गुडघ्यावर बसून ती एका रेषेत अंथरलीत, हाताने सुरकुत्या काढल्यात, दगड ठेवलेत, लांब जाऊन बघितलंत, परत येऊन एक टोक जरासं सरळ केलंत. आम्हाला मागे खडकाआड बसवलंत. मला घरघर ऐकू आली, मी धावत येऊन तुमच्या पाठीवर थाप मारली, तुम्ही मला मागे ढकललंत आणि स्वतः कापडाच्या मागे ताठ उभे राहिलात.

आई मला हलवून विचारत होती, "काय करत्यात त्ये? कापड कशापायी घातलं?" मी घाबरून जे आलं ते बोलले. आबा म्हणाले, कापड अंथरलं आणि विमानाने येऊन गोळ्या घातल्या, माणसं मेली. तिला तेवढंच कळलं. तुम्ही विमानाला बोलावून मरायला उभे आहात अशीच तिची समजूत झाली. हा मेला तर सुटेन मी, असं तिच्या तोंडून मी कित्येकदा ऐकलं होतं. आता सुटायची वेळ आली तर तिने सामानातून लाल झेंडा ओढून काढला, खडकावर चढली आणि दोन्ही हातांनी हलवायला लागली. तिला माहीत असलेली जगातली एकच खूण ती करत होती. लाल दिसलं की लांब व्हायचं, मग ते जनावर असो नाहीतर विमान.

विमान पाण्यावरून इतकं खाली आलं की पोटावरचे खिळे दिसावेत. आवाजाने माझे दात वाजले. धनगरांच्या शेळ्यामेंढ्या उधळल्या, एक शेळी कड्यावरून सुटली आणि खाली दगडांवर आपटत गेली, तिचं ओरडणंही ऐकू आलं नाही. आई, डोक्यावरचा पदर सुटलेला, तोंड उघडं, झेंडा हलवते आहे. विमानाने तिच्या बाजूला एक पंख झुकवला, मग दुसरा झुकवला, जसा कुणी हात करावा तसा, आणि ते वर चढून गेलं. मी स्पष्ट पाहिलं, वैमानिकाचं डोकं खडकाकडे वळलं होतं. तुम्ही पुढे बघत होतात. तुमच्या मागे काय चाललंय ते तुम्हाला दिसलंच नाही.

तुम्ही खाली बसलात. "दिसतं," म्हणालात. "दिसतं की वरनं."

आई धापा टाकत पुढे आली, तुमच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "त्यानं मला बगून क्येलं. म्या झेंडा हालीवला. कापडाला न्हाई." मीही ओरडले, "व्हय आबा, म्या बगितलं." तुम्ही आमच्या ओठांकडे बघत होतात. मग झेंड्याची काठी तिच्या हातातून हिसकलीत. "माजी समजूत घालतीस व्हय, येडा समजतीस मला," आणि मारायला सुरुवात केलीत. खांद्यावर, कमरेवर, ती वाकली तेव्हा मानेवर. ती पळाली नाही. मारता मारता तीच ती सांगत राहिली, मला बघून केलं, मला बघून. काठी मोडली तेव्हा तुम्ही लुगड्यावर गुडघे टेकलेत आणि ते दातांनी, हातांनी फाडलंत. माळावर चिंध्या उडत होत्या.

त्याच उन्हाळ्यात वेल्ह्याकडच्या विहिरीत तुम्ही गेलात. बत्ती लावली, आई वर नव्या काठीचा झेंडा हलवत होती, आणि दोर हललाच नाही. लोक म्हणाले पाय घसरला असेल, ऐकू येत नव्हतं बिचाऱ्याला. आम्हाला तुम्ही गोणपाटात गुंडाळून मिळालात. आई पुढे खूप जगली. शेवटपर्यंत ती एवढंच म्हणायची, "सांगितलं व्हतं म्या. आयकलं न्हाई." रडायची नाही, रागावून म्हणायची.

उद्या उड्डाण झाल्यावर वैमानिकांशी बोलायला मिळतं म्हणे. मला एकच विचारायचं आहे, जमिनीवरचं पांढरं कापड वरून दिसतं का. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हे काय विचारायचं, आई?" उद्या नेसायचं पांढरं पातळ मी सकाळी धुतलं, ते आत खोलीत दोरीवर वाळतं आहे. बाहेर गच्चीत ऊनही आहे आणि जागाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आबा. माझं मनगट वाकडं आहे आणि आईच्या मानेवरचा वण तिच्याबरोबर जळाला. पण तो वैमानिक उद्या 'हो, दिसतं' म्हणाला, तरी 'नाही दिसत, आबा' असंच मी इथे लिहीन, हे मला आज बसल्या जागी कळून चुकलं आहे. म्हणून हे पत्र मी उद्याच्या आधीच संपवते आहे.