पुढची ओळ

मरीन परेड, सिंगापूर
१८ मार्च १९९७

प्रिय वल्लरी,

पत्र मराठीत आहे म्हणून बाजूला ठेवू नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. वाचायला वेळ लागला तर लागू दे. फोनवर तू 'ओके लाह, मा' म्हणून तीन मिनिटांत मोकळी होतेस, तेवढ्यात हे सांगून होणार नाही. बाबांचं जहाज एप्रिलअखेर येईल. त्यांची तब्येत बरी आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे.

खालच्या मजल्यावरच्या एतेल्काबाई गेल्या आठवड्यात वारल्या. तू पर्थला शिकायला गेलीस त्याच वर्षी त्या इथे राहायला आल्या, म्हणून तू त्यांना पाहिलेलं नाहीस. मूळच्या हंगेरीच्या. छप्पन साली तिथला उठाव मोडला तेव्हा नवरा आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन त्यांनी देश सोडला. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आल्या आणि तो गेल्यावरही इथेच राहिल्या. दर शनिवारी दुपारी त्यांच्याकडे चार हंगेरियन मुलं येत आणि एकेक जण उभं राहून कविता म्हणे. आईबापांनी हंगेरियनमध्ये विचारायचं आणि मुलांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे त्या मुलांच्याही घरी होतंच. बोललेलं विसरतं, पाठ केलेलं राहतं, असं बाईंचं म्हणणं. माझी मात्र दुपारची झोप मोडायची. शेवटी मी तक्रार करायला खाली गेले. तक्रार केलीच, आणि निघताना हेही सांगितलं की त्या लाल केसांच्या मुलीने आज एक ओळ गाळली. अर्थ कळत नव्हता, पण चार शनिवार वरून ऐकून कविता कानात बसली होती. बाईंनी पुस्तक उघडून पाहिलं. ओळ गाळलीच होती. त्यांनी मला खुर्ची दिली आणि पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

तेव्हापासून दर शनिवारी मी ते पुस्तक धरून बसत असे. अक्षरं रोमनच, उच्चार बाईंनी घोटून घेतले. चांगल्या कडक होत्या, मला आवडल्या. फक्त त्यांचा एक नियम मला पटेना. मूल अडलं तर त्याने खाली बसायचं नाही, कुणी रागवायचं नाही. खोलीतल्या सगळ्यांनी हळू आवाजात पुढची ओळ म्हणायची आणि अडलेल्याने तिथून पुढे जायचं. हे लाड आहेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी उलट विचारलं, तुमच्या मुलीला कविता येतात का. मी म्हटलं, तिला आवड नाही.

ते खोटं होतं. मी खोटं क्वचित बोलते, म्हणून लक्षात राहिलं.

मग एकेका कुटुंबाची बदली झाली. गेलं वर्षभर शनिवारी आम्ही दोघीच. बाई म्हणायच्या, मी पुस्तक धरायची. अलीकडे त्या फार अडायच्या. पुढची ओळ मी द्यायची.

अंत्यविधीला त्यांचा मुलगा टिबोर कॅनडाहून आला. पंचेचाळिशीचा, टक्कल पडलेला. आई म्हणायची ती कविता म्हणशील का, असं मी विचारलं. तो म्हणाला, सगळं विसरलो, तीस वर्षांत हंगेरियनचा एक शब्द बोललेलो नाही, आईशीसुद्धा. म्हणून मी उभी राहिले. स्मशानगृहाच्या हॉलमध्ये दहा-बारा शेजारी होते. पुस्तक मी नेलं नव्हतं, मला कशाला लागतंय म्हणून. तिसऱ्या कडव्यात अडले. मी, वल्लरी. पुढची ओळ सांगणारं तिथे कुणीच नव्हतं. खाली बसावं, दुसरं काय, म्हणून मी खुर्चीकडे वळले, आणि पहिल्या रांगेतून ती ओळ आली. टिबोर मान खाली घालून, शाळेतल्या मुलाच्या सुरात म्हणत होता. त्याच्या पुढची मी म्हटली, त्यापुढची त्याने. असे आम्ही शेवटापर्यंत गेलो. हे ऐकायला त्याची आई हवी होती. त्यांना जाऊन चारच तर दिवस झाले होते.

आता तुझं. त्र्याऐंशी सालचा इथल्या गणेशोत्सवातला कार्यक्रम तुला आठवत असणार. तू नऊ वर्षांची होतीस. आजोबांनी दीपगृहावर नोकरीला असताना केलेली कविता तू म्हणणार होतीस. 'दिवा लावला दर्यावरती, वाट कुणाची बघतो रे', एवढं म्हणून तू अडलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी पहिल्या रांगेत होते. पुढची ओळ माझ्या ओठांवर होती. ती मी दिली नाही. सगळ्यांदेखत म्हणाले, "खाली बस. पाठ करून ये." तू बसलीस. त्यानंतर तू माझ्याशी मराठीत बोलली नाहीस, आणि मी चौदा वर्षं तुझ्या शाळेला दोष देत राहिले. चूक शाळेची नव्हती. रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन. आजोबांची पहिली ओळ म्हणेन आणि थांबेन. पुढची आठवली तर म्हण. नाही आठवली, तर या वेळी मी सांगेन.

तुझीच,
पहिल्या रांगेतली आई