पाणी बाहेर फेकलं की काम संपलं

२८ नोव्हेंबर २००३
तळघराच्या स्लॅबखालचे टेकू आज काढले. गावातलं पहिलं तळघर. बहुतेक सिंदेवाही तालुक्यातलंही पहिलंच, पण खात्री करून घेतलेली नाही.

बावीस वर्षं कोळशाच्या खाणीत पंप ऑपरेटर होतो. मे महिन्यात वर माणसं भाजून निघत आणि आम्ही खाली सम्पच्या, म्हणजे पाणी जमायच्या खड्ड्याच्या, काठावर गारव्यात बसून डबा खायचो. मुदतीआधी रिटायरमेंट घेतली तेव्हाच ठरवलं, गावी घर बांधायचं तर आधी खाली, मग वर. लोक उलटं करतात आणि उन्हाळाभर डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसतात.

शेजारचा इस्तारी पाहायला आला. तलावात मासे धरतो, घरामागं धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, आहेत. म्हणे, भाऊ, तलावाच्या पाळीखाली गड्डा खोदला तं तिथी का येईन? घर तलावाच्या बांधाच्या पायथ्याशी आहे, त्यावरून हा टोमणा. मी म्हटलं, खाट येईल, टेबलफॅन येईल. तो हसत हसत गेला.

स्वयंपाकघराच्या विटा तळघराला लागल्या, त्यावरून आशा धुमसते आहे. सध्या ती ताडपत्रीच्या आडोशाला चूल मांडून रांधते. थंडी आहे, वारा आहे, मान्य. संक्रांतीपर्यंत स्वयंपाकघर उभं करून देतो असा शब्द दिला. मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

१ डिसेंबर
तळघराच्या भिंतीला ओल. प्लास्टर नवीन आहे, घाम येणारच.

२ डिसेंबर, सकाळी
तळघरात घोट्यापर्यंत पाणी.

झालं ते उत्तम झालं. पाणी नसलेली खाण मी पाहिलेली नाही. ज्याला पाण्याची भीती वाटते त्यानं जमिनीत उतरूच नये. मला ते रोजचं आहे. आता गावाला कळेल, हा माणूस बावीस वर्षं नुसता हजेरी लावत नव्हता.

आशानं विचारलं, भिंतीतल्या विटा काढून घेता येतात का. मी मोटरींच्या किमतीचा हिशेब मांडायला बसलो.

४ डिसेंबर
सिंदेवाहीहून दीड हॉर्सपॉवरची मोटर आणली. तळघराच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन सम्प केला, पाइप झरोक्यातून बाहेर काढला. दुपारपर्यंत फरशी दिसू लागली. आशाला मुद्दाम बोलावून दाखवली. तिनं फरशीकडे पाहिलंच नाही. म्हणाली, पाणी गेलं कुठी?

हा प्रश्न बावीस वर्षांत मला एकाही इंजिनिअरनं विचारला नाही. पाणी पाइपात चढतं, वर जातं, शिफ्ट संपते, माणूस घरी जातो. मी म्हटलं, बाहेर गेलं. ती म्हणे, बाहेर म्हंजे कुठी? काही लोकांना टेक्निकल गोष्ट समजावणं कठीण असतं.

५ डिसेंबर
बाहेर म्हणजे रस्त्यावर गेलं, असं दिसतं.

सकाळी सरपंचबाई दारात. म्हणाल्या, गुणवंतभाऊ, पोट्ट्यायले एवढ्या हिवात पाण्यातून शाळेत जा लागून राह्यलं. काऊन असं करता? मी म्हटलं, थंड पाण्यानं तळपायाचं रक्त चांगलं फिरतं. त्या हसल्या नाहीत. मागं एक बैलगाडी चिखलात रुतली होती आणि गाडीवाला माझ्या आईचं नाव घेत होता. आई जाऊन पंधरा वर्षं झाली. अशा लोकांसाठी तळघर नसतंच.

तरी मोठ्या मनानं पाइप फिरवला.

६ डिसेंबर
पाइपाचं तोंड आता मागच्या अंगाला, इस्तारीच्या बांधीत. धान कापून झालं आहे, बांधी रिकामी पडली आहे. लोक पाण्यासाठी एकमेकांची डोकी फोडतात आणि इथं त्याला घरबसल्या मिळतंय. आभार मानायला येईल तेव्हा फार भाव खायचा नाही, असं ठरवलं.

९ डिसेंबर
लोडशेडिंग. दिवसभर लाइट नाही. तळघरात पाणी पुन्हा घोट्याला. दोष विजेचा आहे, तळघराचा नाही, हे आशाला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ती चूल फुंकत होती.

१२ डिसेंबर
इस्तारी आला. आभार मानायला नव्हे.

बांधी रिकामी नव्हती म्हणे. धान उभं असतानाच त्यानं ओलीवर लाखोरी, आमच्याकडची डाळ, फेकली होती. ती बोटभर वर आली होती, आता पिवळी पडली. म्हणाला, भाऊ, लाखोरीले नुसती ओल पायजे. तुमी तं तिले पोहाले लावलं. मी म्हटलं, मग पाण्यात तगेल असं काहीतरी लाव, जगात पिकं काय कमी आहेत? त्यानं माझ्याकडे पाहिलं. तसा शांत माणूस आहे, पण ते बघणं काही मला आवडलं नाही.

आशा मधे पडली आणि घरातली पायलीभर लाखोरीची डाळ त्याच्या हातात दिली. इंदिराबाईले द्या, म्हणाली. इंदिराबाई त्याची बायको. मला न विचारता दिली! अशानं आपली चूक आहे असा अर्थ निघतो. निषेध.

१५ डिसेंबर
उपाय सापडला. पाइप सरळ माझ्याच विहिरीत. माझं पाणी, माझी विहीर. आता कोणाच्या तोंडाला लागायची गरज नाही.

१६ डिसेंबर
सकाळपासून मोटर चालू. तळघरातलं पाणी इंचभरही उतरत नाही. विहीर तळघराच्या भिंतीपासून जेमतेम सात हातांवर आहे, पण त्याचा इथं काही संबंध नाही. मोटर खराब निघाली.

१७ डिसेंबर
मोटर खांद्यावर मारून सिंदेवाहीला गेलो. दुकानदाराला चार लोकांत सुनावलं. त्यानं मोटर हौदात टाकून चालवून दाखवली. धार अंगावर आली, शर्ट ओला. वर विचारतो कसा, साहेब, पाणी फेकता कुठी? हा प्रश्न तालुक्यात साथीसारखा पसरला आहे.

विहिरीचं पाणी गढूळ झालं. आशा प्यायचं पाणी इस्तारीच्या विहिरीवरून आणते. घागर भरायला पाच मिनिटं लागतात, ती तासाभरानं येते. दोघी बाया काय बोलत असतील, ते विचारण्यात कमीपणा आहे.

२० डिसेंबर
वारा वाढला. आशा खोकते आहे. ताडपत्री उडून चुलीवरच पडली, भात गेला. धुरानं तिचे डोळे लाल आणि हाताला भेगा. पाहून वाईट वाटलं. म्हटलं, चूल तळघरात मांड, वारा नाही. ती म्हणे, पाण्यावर मांडू का?

मग पदर खोचून जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो. संक्रांतीले चूल भिंतीच्या आत नसली तं मी वरोऱ्याले भावाकडे जातो. तुमी ऱ्हा आपल्या खाणीत.

धमक्यांना मी भीत नाही. खाणीत दोनदा युनियन लीडरनं धमकी दिली होती. एकदा भ्यालो, पण ते प्रकरण वेगळं होतं.

२३ डिसेंबर
मुळावरच घाव घालायचा. पाणी तलावाकडून येतं, तर ते तलावालाच परत. गावातून मिळतील तेवढे पाइप जोडले आणि थेट पाळीवरून पलीकडे नेले. चढ फार, त्यामुळे पलीकडे पडणारी धार बारीक. शेळी उभ्या उभ्या मुतल्यासारखी, असं एक कारटं म्हणालं. हेड म्हणजे काय, पाणी किती उंच चढवावं लागतं, हे त्याच्या बापालाही माहीत नसेल.

इस्तारी जाळं टाकत होता. तो म्हणे, तलावाचंच पाणी तलावात नेऊन सोडून राह्यले भाऊ. मधात थोडा आराम कराले तुमच्या घरी थांबते ते.

त्याला पंपाची कार्यक्षमता समजावून सांगितली. तो ऐकत ऐकत मासे सोडवत राहिला.

२७ डिसेंबर
मोटर चालू. पाणी घोट्याला. म्हणजे जितकं येतं तितकं जातं. याला बॅलन्स म्हणतात. कमी लेखण्यासारखी गोष्ट नाही.

२९ डिसेंबर, दुपारी
पाळीवर पाइपाचा एक जॉइंट सुटला. पाणी पलीकडे न जाता अलीकडच्या उतारावर पडत राहिलं आणि पाळीची माती धुऊन मोठी घळ पडली. पाळीखाली अख्खं गाव आहे. बाया-माणसं टोपली, घमेली घेऊन धावली, दोन तास माती टाकली. मीही टाकली. इस्तारी कमरेइतक्या गार पाण्यात उभा राहून मागून दगड लावत होता. मला जरा घाबरायला झालं, हे इथं लिहायला हरकत नाही.

जॉइंट दुसऱ्या कुणी लावला असता तर मी त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं असतं. मीच लावला होता, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

३१ डिसेंबर
ग्रामपंचायतीत बैठक. विषय, माझं पाणी. जो तो बोलला. कोणाचं अंगण, कोणाचा उकिरडा, कोणाची लाखोरी. मी शांतपणे उभा राहून सांगितलं, चूक एकच झाली, पंप लहान घेतला. पाच हॉर्सपॉवरचा आणतो, पाणी पाळीवरून उडून थेट तलावाच्या मध्यात पडेल. सगळे गप्प झाले. म्हणजे पटलं.

आशा मागं इंदिराबाईच्या शेजारी बसली होती. तिच्याशी कुजबुजत मान डोलावत होती. चांगली खूण आहे.

७ जानेवारी २००४
चंद्रपूरला निघतो. खाणीतला जुना जोडीदार देवाजी तिथं राहतो, त्याच्या ओळखीनं सेकंडहँड पंप मिळेल. आशानं आपणहून बॅग भरली, चिवडा बांधून दिला. म्हणाली, घाई करू नका. चार दिवस लागले तं लागू द्या, पंप नीट पारखून आणा. मन वळलं शेवटी. बाईमाणसाला थोडा वेळ द्यावा लागतो.

बसस्टॉपवर सरपंचबाई भेटल्या. त्याही म्हणाल्या, सावकाश या.

९ जानेवारी, चंद्रपूर
देवाजीकडे मुक्काम. जुन्या गोष्टी निघाल्या. सहज विचारलं, आपण फेकायचो ते पाणी जायचं कुठं रे? देवाजी म्हणाला, नाल्यात. आन् नाला एका गावातून जाये. तिथचे लोक दरसाल अर्ज घेऊन येत गेटवर, त्यायच्या धानात काळं पाणी घुसे म्हणून. तुले मालूम नाई?

मला मालूम नव्हतं. आमच्यापर्यंत अर्ज कधी आला नाही, म्हणजे किरकोळ असणार. तरी जेवण गेलं नाही. देवाजीची बायको भाजीत तेल फार घालते.

१० जानेवारी
पंप मिळाला. पाच हॉर्सपॉवर, बिडाच्या लोखंडाचा, दोघांना उचलत नाही. हात लावताच जुने दिवस आठवले. आता पाहू कोण हसतं.

११ जानेवारी, संध्याकाळी
एस.टी.च्या टपावर पंप चढवून आलो. कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं. स्टॉपवरून तो भाड्याच्या बैलगाडीत घातला.

घराजवळ आलो तर रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे माग. दारात मुरमाचा उरलेला ढीग. तळघराचा झरोका दिसेना. जिन्याकडे गेलो तर जिना दिसेना. जिन्याच्या जागी सपाट जमीन, धुम्मसनं ठोकून ठोकून बसवलेली.

तळघर बुजवलं!

ज्याच्या ज्याच्या दारात माझं पाणी गेलं होतं त्यानं त्यानं एकेक ट्रॉली मुरूम दिला. सरपंचबाईंनी दोन दिल्या. रुतलेल्या गाडीवाल्यानं बैलगाडीनं खेपा घातल्या, त्याही हौसेनं. मी बस धरली त्याच दुपारी काम सुरू झालं म्हणे. स्लॅबवर कुडाच्या भिंती उभ्या, बांबू इस्तारीचे, लिंपण आशा आणि इंदिराबाईचं. वर टिनं. आत चूल.

मी फार मोठ्यानं बोललो. कोणाच्या परवानगीनं, माझं घर, माझं तळघर, बावीस वर्षांचा अनुभव, सगळं म्हणून झालं. लोक ओट्यावर बसून ऐकत होते.  मग पाच-सात जणांनी मिळून पंप गाडीतून खाली उतरवला आणि फणसाखाली ठेवला. इस्तारी म्हणाला, भारी माल हाय भाऊ.

मी आशाला विचारलं, हे कोणी ठरवलं? ती म्हणाली, मी. पाण्याले राह्याले जागाच ठेवली नाई, तं आता फेकता काय? या, भात गरम हाय.

आत गेलो. वारा लागत नव्हता. ती खोकत नव्हती. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी नीट दिसला, आणि त्यावर माझ्याविषयी राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला पुढं बोलता आलं असतं.

याबद्दल मी गप्प बसणार नाही. उद्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगणार आहे, की कामाची पद्धत चूक असली तरी तळघरात आज थेंबभर पाणी नाही, आणि मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होतो.

पाटावर बसलो. आशा वाढायला वळली तेव्हा हळूच जमिनीवर तळहात टेकवून पाहिला. कोरडी होती. दुसऱ्यांदा टेकवला तेव्हा तिनं पाहिलं. मी भात मागितला.