विमानाच्या दारात अडवलेला

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. विमानतळावरचं काम सोपं आहे. पास तपासायचे आणि कुणी प्यायलेला दिसला, तर त्याला विमानात चढू द्यायचं नाही.

काल एकाला अडवलं. तोंडाला दारूचा भपकारा येत होता. "आई गेलीय हो माझी," एवढंच म्हणत राहिला. विमान सुटल्यावर तो जिथे प्यायला होता, त्याच बारमध्ये पुन्हा जाऊन बसला. बार माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे आणि भल्या सकाळीच उघडतो. पाजायचंही आम्हीच, अडवायचंही आम्हीच! निदान सकाळी तरी बंद ठेवा, असं साहेबांना म्हटलं. म्हणाले, "मग लोकांनी वेळ काढायचा कुठे?"

बाबा गेले तेव्हा मी पिऊन आलो होतो आणि तू मला दारातच अडवलंस. आठ वर्षं मी तो राग धरून बसलो. काल त्या माणसाला पास परत देताना मला त्याच्याकडे बघवलं नाही. तुलाही माझ्याकडे बघवलं नसेल.

मुलं कशी आहेत? "आई बरी आहे" एवढंच लिहू नकोस, खरं काय ते लिही. आणि ती असतानाच कळव. घरी यायला मला विमानाकडे त्या बारवरूनच जावं लागेल.

तुझाच,
धाकटा