ऐनवेळचा रोगी

बाळा,
तुला नि सूनबाईला पोटभर आशीर्वाद. तिची कंबर कशी आहे?

तुझ्या लेकीने काढलेल्या मुलींच्या डॉक्टरी शाळेची काल परीक्षा होती. इस्पितळाने ऐनवेळी रोगी द्यायला नकार दिला. परीक्षा नाही तर शाळेला कुलूप! मग मीच पलंगावर आडवी झाले. झोपून कुणाच्या कामी आले, ते जन्मात पहिल्यांदाच!

परीक्षक म्हणाले, "आजीबाई ठणठणीत आहेत." सगळ्यांत भित्री पोर छातीला नळी लावून म्हणाली, "नाही सर, ठोका अडखळतोय." त्यांनी परत ऐकलं आणि मुकाट्याने सही केली. शाळा वाचली रे!

औषध चालू आहे, उगाच धावत येऊ नकोस. तुझी लेक मात्र बराच वेळ रडली. आनंदानेच असेल, मी विचारलं नाही.

तुझ्या डोक्यावरून हात फिरवते,
आई