आधी ओळ, कारण नंतर

१९ जानेवारी, मंगळवार

चिरंजीव धाकटीस,

आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा ठीक नाही, पण त्याची तक्रार मी डॉक्टरांकडेही करत नाही. शेजाऱ्यांनी रंगकाम काढले असून रंगाऱ्याने भिंतीच्या कडेची रेघ वाकडी ओढली आहे. मी दोनदा निदर्शनास आणून दिले. आता मी दिसले की तो शिडीवरून उतरतो आणि चहाला जातो.

तुझ्या मागच्या पत्राला तीन वर्षे झाली. त्यातल्या सहा चुकांखाली लाल रेघा ओढून मी ते परत पाठवले होते. ते उत्तर नव्हे, हे मला तेव्हाही कळत होते.

काल मी तुझ्या शाळेत आले होते. तुला हे कोणी सांगितले नसेल, कारण सांगू नये असे मीच बजावले होते. तुझ्या मुख्याध्यापिकांनी मला तुझा वर्ग पाहायला साडेनऊची वेळ दिली होती. मी, जिने उभ्या आयुष्यात कोणाला पाच मिनिटे ताटकळत ठेवले नाही, ती गल्ली चुकले आणि दहा मिनिटे उशिरा पोचले. शिपाई म्हणाला, "दुसरीच्या बाई ऑफिसात आहेत. पण त्या वर्गात बाई नसल्या तरी असतातच. तुम्ही जाऊन बसा." मला हा आगाऊपणा वाटला. बाईंविना चाळीस मुले म्हणजे काय असते, हे मी चौतीस वर्षे भावी शिक्षकांना शिकवले आहे.

दार उघडले. कोणी मान वळवली नाही. दप्तरे खुंट्यांवर होती आणि त्यांचे पट्टे आत खोचलेले होते. एकाच्या पेन्सिलीचे टोक मोडले. त्याने ती नुसती वर धरली, आणि खिडकीजवळची मुलगी उठून टोक केलेली दुसरी देऊन गेली. शब्दही नाही. खुर्ची सरकवताना तिने ती दोन्ही हातांनी उचलली. मी नकळत खुर्चीच्या पायांकडे पाहत राहिले, की आता तरी घासतील.

मग पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी माझ्याकडे आली. तिने मला रिकाम्या जागी बसवले, पुस्तक उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. मी हळू आवाजात सांगू लागले की गल्ली चुकल्यामुळे मला... तिने मान हलवली.

"कारण आत्ता नाही सांगायचं," ती कुजबुजली. "ते सुट्टीत. आधी ओळ. आपण इथे आहोत."

मी ओळीवर बोट ठेवले. दुसरे काय करणार?

एक मुलगा उभा राहून वाचत होता. 'समुद्र' या शब्दापाशी तो अडला. माझ्या ओठांवर शब्द आला. अडलेल्याला मी कधी एक श्वासही दिलेला नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक? तेवढ्यात चाळीस हात वर झाले आणि चाळीस बोटे मिटली. मग दुसरी. कोणी हसले नाही, कोणी सुचवले नाही. तिसरे बोट मिटता मिटता तो स्वतःच "समुद्र" म्हणाला आणि पुढे गेला. हात खाली आले. धाकटे, मी मोठमोठ्या सभागृहांतली शांतता अनुभवली आहे. ती धाकाची असते किंवा कंटाळ्याची. ही शांतता कोणाची तरी वाट पाहत होती. अध्यापनशास्त्रावरची माझी दोन पुस्तके घरी कपाटात आहेत, आणि त्यांत हे कुठेही नाही.

आता जे लिहायचे टाळते आहे, ते लिहिते.

तू ऑफिसात का होतीस, हे मला ठाऊक होते. जूनपासून दीड महिना तू पुस्तक उघडले नाहीस, खुर्ची उचलणे आणि दार लावणे वीस-वीस वेळा करून घेतलेस, अशी पालकांची तक्रार होती. मुख्याध्यापिका माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांनी माझे मत मागवले. 'हा कालापव्यय आहे, वर्ग काढून घ्यावा' हे वाक्य माझे. तुझा वर्ग न पाहता, या टेबलाशी बसून लिहिलेले. तुझे नाव वाचूनही लिहिलेले; नव्हे, वाचल्यामुळेच.

सुट्टीत मी त्या चिमुरडीला विचारले, उशिरा आलेल्याला बाई रागावत नाहीत का? ती म्हणाली, "बाई म्हणतात, जो उशिरा येतो तो आधीच धावत आलेला असतो."

आई गेली त्या दिवशी तू रुग्णालयात चाळीस मिनिटे उशिरा आलीस. जिन्यावरून धावत आलीस. तुझी एक चप्पल तुटली होती. दारात उभी राहून मी म्हणाले, "आता कशाला आलीस?" तू काही सांगू लागलीस आणि मी आत निघून गेले. आत जायला तुला वाट दिली नाही. ते कारण मी आजतागायत ऐकलेले नाही. मात्र त्यानंतर तू चाळीस मुलांना काय शिकवलेस, ते काल पाहिले.

माझे मत मी काल दुपारी लेखी मागे घेतले आहे. 'न पाहता दिलेले होते' असे कारणही नोंदवले आहे. वर्ग तुझ्याकडेच राहील, असे मुख्याध्यापिका म्हणाल्या. यासाठी तू माझे काही देणे लागत नाहीस.

शनिवारी तुझी शाळा साडेअकराला सुटते. मी फाटकाशी उभी असेन. तुझे कारण तुला सांगावेसे वाटेल तेव्हा सांग, नाही वाटले तर नको. मला इतकेच हवे आहे: आपण दोघी कोणत्या ओळीवर आहोत, ते बोट ठेवून दाखव.

उशिरा पोचलेली,
तुझी ताई