पाय चालू होता

बाबा,

तुम्ही गेलात त्याला आता इतकी वर्षं झाली की देवळीच्या घरातल्या तुमच्या फोटोची चौकटसुद्धा बदलून झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण छापलेल्यातलं तुम्हाला हवं असायचं ते फक्त कापसाचे भाव, आणि तेही आईला मोठ्याने वाचायला लावून. पण परवा वर्ध्याच्या सभागृहात जे झालं, ते ज्याला पुरतं कळेल असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं आठवेना. म्हणून लिहायला बसले आहे.

आधी मी काय करते ते सांगते. पिपरी मेघेला पिठाच्या चक्कीच्या माडीवर माझा नाचाचा क्लास आहे. खाली चक्की सुरू झाली की वरची फरशी थरथरते आणि नव्या मुली तिच्याच ठेक्यावर पाय मारायला लागतात. संध्याकाळी शाळा-ऑफिसातून सुटलेल्या आया स्कूटीवरून पोरींना आणून सोडतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, मॅडम, हिला स्पर्धेत कोणत्या गटात टाकाल? हल्ली नाचाला गट लागतो, बाबा. शास्त्रीय, उपशास्त्रीय, लोकनृत्य, फिल्मी, वेस्टर्न, आणि अलीकडे एक विनोदी नावाचा गटही निघाला आहे. जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या नृत्यस्पर्धेचं परीक्षण आणि नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते अगदी हौसेने केलं. घुंगरू बांधले म्हणून नाच शास्त्रीय होत नाही. सिनेमाच्या गाण्यावर नऊवारी नेसून नाचलात तर गट फिल्मी, लोकनृत्य नव्हे. घुंगरांचा आवाज गाण्यातच भरून आणायचा नाही, वाजतील ते नाचणाऱ्याच्या पायातले. कुणाला खांद्यावर उचलायचं असेल तर वेस्टर्नमध्ये जा. नाच मध्येच थांबला की स्पर्धक बाद. आणि परीक्षकांसाठीही लिहिलं, की त्यांनी टाळी वाजवायची नाही, मान डोलवायची नाही, ठेका धरायचा नाही. माझ्या पाठीमागे लोक मला हेडमास्तरीण म्हणतात. म्हणोत बापडे. नियम कच्चा राहिला की वशिला पक्का होतो, हे मी बऱ्याच स्पर्धांत पाहिलं आहे.

ही खोड मला तुमच्याकडून आली. लोकांना वाटायचं, तुमची खडी गंमत, आपल्याकडचा हा तमाशा, म्हणजे चार माणसं उभी राहून मनाला येईल ते गातात-नाचतात. चहूकडून माणसं, मध्ये शाहीर, ढोलकी, तुणतुणं, आणि बाईचं काम करणारे तुम्ही. ना स्टेज, ना पडदा. पण तुमच्यासारखा नियमाचा माणूस मी पुढे मोठमोठ्या सभागृहांतही पाहिला नाही. खेळाच्या दिवशी आई स्वयंपाकघरात चुलीपुढची जागा सारवून घ्यायची आणि तुम्हाला तिथे उभं करून तिचं हिरवं लुगडं नेसवायची. अजून डोळ्यांसमोर आहे, मी पिठाच्या डब्यावर बसून पाहते आहे, आई गुडघ्यावर बसून निऱ्या घालते आहे, आणि एरवी तिचं एक अक्षर न ऐकणारे तुम्ही हात वर करून मुकाट उभे आहात. त्या दिवशी तंबाखू नाही. लुगडं अंगावर आलं की तोंडात शिवी नाही. पदर आई एकदा खांद्यावर बसवायची, मग खेळ संपेपर्यंत त्याला हात नाही, कारण नाचताना पदर सावरत बसणं म्हणजे लोकांना तिकडेच पाहा म्हणून सांगणं. सगळं झालं की आई उठून दोन पावलं मागे जायची, तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघायची आणि दरवेळी तेच म्हणायची.

"लुगडं माह्यं हाय. त्याची लाज राखजा."

तुम्ही मान खाली घालून "हाव" म्हणायचात.

आपल्या गावात मिशी नसलेले दोघेच, तुम्ही आणि शाळेचे मास्तर. मास्तरांना कुणी काही म्हणत नसे. मला मात्र वर्गातला एक पोट्टा नाच्याची पोरगी म्हणून चिडवायचा. मी रडत घरी आले तेव्हा तुम्ही गोठ्यात बैलांना पाणी पाजत होतात. मला वाटलं, आता तुम्ही शाळेत जाऊन त्याचा कान पिळणार. तुम्ही बादली खाली ठेवलीत आणि म्हणालात, "मंग सांग ना त्याले, हाव, हाय नाच्याची. तुह्या बापाले येते का म्हना." दुसऱ्या दिवशी मी भर वर्गात तसंच विचारलं. त्याच्या बापाला नाच येत नव्हता, हे साऱ्या वर्गाला माहीत होतं. पुन्हा मला कुणी चिडवलं नाही, आणि मास्तर फळ्याकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत राहिले.

पण आज मला आठवतो आहे तो तान्हा पोळा. शेजारच्या गावात तुमचा खेळ होता. दुपारची वेळ, पोरं लाकडी बैल ओढत हिंडत होती, आणि मी पहिल्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसलेली, त्यामुळे माझे डोळे बरोबर तुमच्या पायांच्या उंचीला. नाच ऐन रंगात आला होता. मागून कुणीतरी शिट्टी मारली, दुसऱ्याने काहीतरी घाण बोललं, आणि हशा पिकला. तुम्ही थांबलात. शिट्टी ज्या बाजूने आली तिकडे तोंड करून नुसते उभे राहिलात. हात खाली, नजर समोर. मी घाबरले. मला वाटलं, खेळ मोडला. तेवढ्यात मला दिसलं की तुमची उजवी टाच चालू आहे. जेमतेम उचलायची, टेकायची, आणि ढोलकीला धरून घुंगरू वाजायचे. उभ्या माणसांना ते दिसत नव्हतं, पण हळूहळू ऐकू यायला लागलं. हसणारे एकेक करून गप्प झाले. पार शांत झाल्यावर तुम्ही बाईच्याच आवाजात, जराही न चिडता म्हणालात, "हसाचं असन तं सोंगाड्या येऊन राह्यला मांगून. त्याच्यावर पोटभर हसजा. मी हसवाले नाई आली." आणि जिथे नाच सोडला होता तिथूनच गिरकी घेतलीत.

परत येताना बैलगाडीत मी विचारलं, बाबा, तुम्ही काऊन थांबले? तुम्ही अजून अर्धे लुगड्यातच होतात. म्हणालात, "थांबलो कुठी व्हतो वं? पाय चालूच व्हता. पाय थांबला का नाच मेला." मला तेव्हा त्यातलं निम्मंच समजलं.

आता परवाचं सांगते. यंदा स्पर्धेला देवळीकडच्या एका खेड्यातल्या मुलाचं नाव आलं. घरी कापूस-सोयाबीन, कॉलेजचं शेवटचं वर्ष. खडी गंमतीतलं बाईचं काम करणार, लुगडं नेसून, मित्राच्या ढोलकीवर. समितीने त्याला परस्पर विनोदी गटात टाकून दिलं. हे कळल्यावर तो माझ्या क्लासची माडी चढून आला. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला आणि म्हणाला की नाव मागे घ्यायला आलो आहे. मी कारण विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मले हसवाले नाई याचं." बाबा, त्याने तुमचं वाक्य कुठे ऐकलं असेल? तुला शिकवलं कुणी, असं विचारलं तर आईकडच्या आजोबांनी, म्हणाला. तेही याच कामातले, आता खाटेला खिळलेले. मी त्याला म्हटलं, नाव राहू दे, बघते मी. त्याच्या पायांबद्दल मला शंभर गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. पण परीक्षकाने स्पर्धकाला काही शिकवायचं नाही, हाही माझाच नियम होता.

समितीचे अध्यक्ष म्हणजे एका कॉलेजातले प्राध्यापक. माणूस वाईट नाही. बैठकीत मला समजावून म्हणाले की मॅडम, साडीतला मुलगा पाहून पब्लिक हसणारच, त्यापेक्षा विनोदीत राहू द्या, पहिलं बक्षीस त्याचंच आहे. त्यांना खरंच वाटत होतं की ते त्याचं भलं करताहेत. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "सर, गंमतीत हसवायला सोंगाड्या असतो. बाईचं काम करणारा वेगळा. हे दोन गट आपण पाडले नाहीत, आपल्या जन्माआधीपासून आहेत." त्यांनी विचारलं, तुम्हाला एवढं कसं ठाऊक? माझ्या माहितीपत्रकात माझ्या दोन्ही गुरूंची नावं आहेत, पदव्या आहेत, तुमचं नाव नाही. मी म्हटलं, "माझे बाबा बाईचं काम करायचे. मी नाच पहिल्यांदा पाहिला तो आईच्या लुगड्यातला." सगळ्यांचे चहाचे कप जागच्या जागी राहिले. मी मात्र माझा चहा संपवला, आणि इतका गोड चहा मी त्या ऑफिसात पूर्वी प्यायले नव्हते.

सर शेवटी कबूल झाले. लोकनृत्यात घेऊ, म्हणाले, पण सभागृह हसलं आणि तो बावरून थांबला, तर तुमचाच नियम, मॅडम. थांबला की बाद. मी ते मान्य केलं. न करून सांगते कुणाला, नियम माझ्याच हातचा होता. मुलाला फोनवर हे कळवलं तर तो म्हणाला, "बाद झालो तं चालन. पन त्या गटात नाई जात मी."

सभागृह खच्चून भरलेलं होतं. मुलगा आला, घुंगरू कपाळाला लावले आणि सुरू झाला. लुगडं हिरवं नव्हतं, जांभळं होतं. सुरुवातीचे पाय छान पडले, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, चला, निभावलं. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून शिट्टी आली. कुणीतरी बायकी आवाज काढून हाक मारली आणि हशा पुढपर्यंत पसरत आला. मुलगा थांबला. हात खाली, तोंड त्या आवाजाकडे. ढोलकीवाला मित्र घाबरून वाजवतच राहिला. माझ्या शेजारी परीक्षक म्हणून बसलेल्या सरांनी लाल पेन्सिल उचलली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, थांबला." माझाच नियम, आणि त्याच्याखाली हा पोरगा सापडणार. मी त्याच्या पायांकडे पाहिलं. जांभळ्या काठाखाली उजवी टाच जेमतेम उचलत होती आणि टेकत होती.

"सर, ऐका," मी म्हटलं.

ते ऐकू लागले. आधी काहीच कळेना, हशाच एवढा होता. मग पुढच्या रांगेला घुंगरू ऐकू आले, ती गप्प झाली. मग तिच्या मागची. बघता बघता सगळ्या सभागृहात एका टाचेचे घुंगरू आणि ढोलकी, एवढंच उरलं. तुमच्यासारखं सोंगाड्याचं सांगायची गरजही मुलाला पडली नाही. त्याने पुरती शांतता होऊ दिली आणि मग गिरकी घेतली. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, पाय चालू होता. मी म्हटलं, हो सर, पाय चालूच होता.

त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिली आली ती हिंगणघाटकडची एक मुलगी, तिचे पाय खरोखर चोख होते. मुलगा कमी पडला त्याचं कारण मीच. शेवटच्या फेऱ्यात त्याचा हात एकदा पदराकडे गेला आणि मी त्याचे गुण कापले. तुम्ही असता तर याहून जास्त कापले असते. बक्षीस घ्यायला तो लुगड्यातच वर आला. कुणी हसलं नाही, उलट मागच्या त्याच खुर्च्यांतून टाळ्या जास्त आल्या. खाली उतरल्यावर त्याने मला वाकून नमस्कार केला, तेव्हा मी त्याला पदराचं सांगितलं. तो म्हणाला, आजोबा बी हेच म्हनतीन. मला तुमचा आणि त्याच्या त्या आजोबांचा एकदमच इतका अभिमान वाटला की मी पटकन पुढच्या विजेत्याचं नाव पुकारायला सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचा प्रश्नच नाही. तुम्ही असता तरी आईकडून वाचून घेतलं असतंत आणि शेवटी विचारलं असतंत, भाव काय लिवला हाय? म्हणून घडी करून माझ्याजवळच ठेवते. एक गोष्ट मात्र तुमच्याजवळ कबूल करते, कारण नियमावली लिहिणारीने ती दुसऱ्या कुणाजवळ करून चालणार नाही. तो मुलगा गिरकीपूर्वी उभा होता ना, तेव्हा परीक्षकांच्या टेबलाखाली माझी चप्पल निघालेली होती आणि माझी उजवी टाच चालू होती. लांब टेबलक्लॉथ होता म्हणून कुणाला दिसलं नाही.