स्लाइडची शेपटी

४ मार्च, मंगळवार

शुक्रवारी चिमणीची प्लीहा काढणार! बहिणीचा फोन आला. सहा वर्षांची माझी भाची – पोट फुगलेलं, जरा धक्का लागला की अंग काळंनिळं. डाव्या फासळीखालची प्लीहा फुगून दगडासारखी झालीय, तीच रक्तातल्या पेशी खाते, तेव्हा ती काढू, असं सर्जन म्हणाले. ती का वाढली, कुणालाच माहीत नाही. अस्थिमज्जेचा रिपोर्ट तर स्वच्छ आहे! तो रिपोर्ट माझ्याच नजरेखालून गेलेला. लॅबमध्ये स्लाइड मी तपासते, डॉक्टरसाहेब माझ्या भरवशावर सही करतात.

५ मार्च

"मावशी, माझ्या पोटात दगड आहे का गं?" असं चिमणीने विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं.

तिच्या मज्जेची स्लाइड पाहिली त्या दिवशी मी एकच शोधत होते – रक्ताचा कॅन्सर. स्लाइडच्या मधल्या, छान पसरलेल्या भागात पाचशे पेशी मोजल्या. कॅन्सर नाही! जीव असा भांड्यात पडला की काच उचलून सरळ खोक्यात ठेवली. टोकाच्या निमुळत्या शेपटीकडे गेलेच नाही.

आणि नव्या पोरींना शिकवते कोण? मीच! थेंब काचेवर ओढला की मोठ्या पेशी फरफटत टोकाला जातात, शेपटी पाहिल्याशिवाय जागचं उठायचं नाही. किती जणींना त्यावरून झापलंय.

६ मार्च

साहेब यायच्या आधी स्लाइड काढली. थेट शेपटी.

आहेत. एक, दोन, मग झुबकाच. भल्या मोठ्या, फिकट पेशी, चुरगळून पुन्हा सपाट केलेल्या पातळ कागदासारख्या. अंगात एक विकर, म्हणजे एन्झाइम, कमी, म्हणून एका जातीची चरबी पेशीत पचत नाही, साठतच जाते. आईबाप दोघांकडून आलेला दोष. प्लीहा त्यानेच फुगली. ती काढली तर तीच चरबी हाडांत जास्त साठेल. आणि यावर औषध आहे! दर पंधरवड्याला शिरेतून द्यायचं. दीड महिना वाया घालवला मी पोरीचा.

साहेब बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत. मग स्वतःच सर्जनना फोन लावला. ऑपरेशन थांबलं. खात्रीसाठी चिमणीचं रक्त विकराच्या तपासणीला गेलं. बहिणीला मीच सांगितलं, जिन्यात उभं राहून. माझी चूक, हेही सांगितलं. सगळं ऐकून ती खाली उतरून गेली.

१० मार्च

बहीण फोन उचलत नाही. मेहुणे म्हणाले, थोडे दिवस जाऊ द्या ताई. स्वतःच्या डोळ्यांचा राग येतो. आज प्रत्येक स्लाइड तीनतीनदा पाहिली, तरी उठवेना.

१४ मार्च

रिपोर्ट आला. तेच. विकर जवळजवळ नाहीच.

१५ मार्च

बहीण लॅबमध्ये आली, कडेवर चिमणीचा दीड वर्षाचा धाकटा भाऊ. त्याला माझ्या टेबलावर बसवलं, सदरा वर केला, माझा हात ओढून डाव्या फासळीखाली दाबला. हाताला कडक लागलं.

"याचं रक्त तूच काढ, ताई," म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस."